टीजेला निघालेल्या मुलीला

प्रिय बाळा,

तुला मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळायला होतं, म्हणून हे पत्र आजी तुला वाचून दाखवतील. टीजेत प्रवेश मिळाला म्हणून परवा तुमच्याकडे सगळे तुझं कौतुक करत होते आणि तू मात्र पानातला वरणभात नुसता चिवडत होतीस. हात धुताना हळूच विचारलंस, "काका, बाकीच्यांचं जिऑमेट्री झालंय, काहींचं अल्जेब्रा टूसुद्धा. माझं फक्त अल्जेब्रा वन. मला जमेल का?" पाहुण्यांच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

आधी नियम काय आहेत ते बघ. थॉमस जेफरसनला, म्हणजे तुमच्या टीजेला, व्हर्जिनियातल्या त्या निवडक मुलांच्या सायन्स हायस्कूलला, अर्ज करायचा तर आठवीपर्यंत निदान अल्जेब्रा वन व्हायला हवं. ते तुझं झालंय. तिथला डिप्लोमा मिळवायचा तर कॅल्क्युलसपर्यंत पोचावंच लागतं. व्हर्जिनिया राज्याच्या वरच्या दर्जाच्या, ॲडव्हान्स्ड स्टडीज डिप्लोमाला गणिताची चार क्रेडिट लागतात, पण कॅल्क्युलसची सक्ती त्यातसुद्धा नाही. ती अट टीजेची स्वतःची. म्हणजे अल्जेब्रा वन करून आलेल्या मुलीला चार वर्षांत जिऑमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस एवढा पल्ला गाठायचा आहे. तिथे त्याची वाटणी वेगळी आहे, मॅथ वन, मॅथ टू अशी सत्रासत्राची, आणि वेग तुझ्या सवयीपेक्षा जास्त. पण ही वाट शाळेनेच आखलेली आहे. तू कुठल्या खिडकीतून आत शिरलेली नाहीस.

हे मुद्दाम लिहितोय, कारण "तू तुझ्या शाळेच्या कोट्यातून आलीस" असं कुणीतरी तुला ऐकवल्याचं आई म्हणाली. २०२० साली टीजेची प्रवेशपरीक्षा बंद झाली आणि प्रत्येक पब्लिक मिडल स्कूलमधल्या आठवीच्या दीड टक्का मुलांसाठी जागा ठरल्या. पालक कोर्टात गेले. २०२३ मध्ये अपील कोर्टाने नवी पद्धत वैध ठरवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आपल्या मंडळाच्या गणपतीतसुद्धा यावरून दोन तट पडलेले मी पाहिलेत. दोन्हीकडे माझे मित्र आहेत. तो वाद मोठ्यांचा आहे, त्याचं ओझं चौदा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कॅल्क्युलसची अट कुणी तुझ्यासाठी सैल करावी, असं मला अजिबात वाटत नाही. तशी सैल केली तर तुला मदत करण्याची शाळेची जबाबदारीच संपेल, आणि नुकसान तुझंच होईल.

आता तुझी खरी काळजी. मी कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षं गणित शिकवतोय. हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस झालेली मुलं माझ्याकडे येतात. डेरिव्हेटिव्हचे नियम धडाधड म्हणून दाखवतात. मग मी फळ्यावर √(क्ष² + ९) लिहितो आणि दर वर्षी दोघं-तिघं ठामपणे सांगतात, "क्ष + ३." मी म्हणतो, क्षच्या जागी ४ घालून बघ. सोळा अधिक नऊ पंचवीस, त्याचं वर्गमूळ ५. आणि चार अधिक तीन? ७. वर्गात एकदम शांतता पसरते. त्या मुलांना कॅल्क्युलस अवघड जात नाही गं, त्यांना आठवीचं बीजगणित अडवतं. घाईघाईने पुढे पळवलेलं असतं ना, त्यामुळे.

एक छेद क्ष याचं डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायला दिलं, तर त्यात नव्याने शिकायची पायरी एकच असते, शेवटची. त्याआधी दोन अपूर्णांकांची वजाबाकी करायची, छेद समान करायचे, वजा चिन्ह कंसात सगळीकडे पोचवायचं. परीक्षेत गुण जातात ते या तीन ठिकाणी.

हे मला अनुभवाने माहीत आहे. बारावीला मी अपेक्षित प्रश्न घोकून गणितात भरघोस मार्क मिळवले आणि पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्याच सत्रात एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, केटी लागली, नापास झालो. सर ओळीमागून ओळ लिहीत होते आणि या ओळीवरून पुढची कशी आली, तेच मला दिसत नव्हतं. मी हात वर केला नाही. अख्खं सत्र केला नाही. त्या केटीपेक्षा त्या न विचारलेल्या प्रश्नांची हळहळ मला आजही आहे.

तेव्हा या उन्हाळ्यात काही आठवड्यांत जिऑमेट्री उरकून टाकायचा जो बेत घरात शिजतोय, तो माझ्या मते सोडून द्यावा. आईशी मी बोलेन. त्याऐवजी रोज अर्धा तास तुझंच अल्जेब्रा वन पुन्हा काढ. अपूर्णांक, ऋण संख्या, अवयव पाडणं, घातांक. एक ओळ, एक पायरी, मधली पायरी गाळायची नाही. उत्तर आलं की क्षच्या जागी एखादा साधा आकडा घालून ताडून बघायचं. शून्य आणि एक मात्र घालू नकोस, त्यांच्यामुळे चुकीचं उत्तरही बरोबर वाटू शकतं. जे गणित सुटत नाही त्याचं उत्तर लगेच शोधू नकोस. वीस मिनिटं त्याच्याशी झगड, कुठवर पोचलीस ते लिहून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घे.

आजी, इथे जरा थांबा. तुम्हाला पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्ध्या, दीडचे पाढे, अजून तोंडपाठ आहेत ना? रोज संध्याकाळी हिच्याकडून थोडे म्हणून घ्या. साताची निमकी साडेतीन, हे ज्याच्या जिभेवर असतं त्याला अपूर्णांकाचं भय वाटत नाही.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन परीक्षांत तुला सी मिळू शकतो. आजवर तुझ्या कार्डावर बी सुद्धा आलेला नाही, त्यामुळे तो फार लागेल. तो पेपर लपवू नकोस. टीजेत आठवा तास असतो. क्लब त्याच वेळात भरतात, आणि शिक्षकांना भेटून अडलेलं विचारायलाही तोच वेळ. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या शिक्षकांकडे जाऊन ये. "मला समजलं नाही" एवढंच म्हणून थांबू नकोस. वही पुढे धर, बोट ठेव आणि विचार, "इथपर्यंत मला येतं, या ओळीवरून ही ओळ कशी आली?" असं विचारणारी मुलगी आली की मला शिक्षक म्हणून किती बरं वाटतं, ते तुला कळणार नाही.

येत्या शनिवारी मराठी शाळा सुटली की आमच्याकडे ये. काकू थालीपीठ करणार आहे. वही घेऊन ये, आणि चुकलेली पानं फाडू नकोस, मला तीच आधी बघायची आहेत.

तुझा,
काका