‘तुमच्या घरचे आहे का?’ असे कुणी विचारले तर

प्रिय भगिनी,

खानापूरहून लिहिलेले आपले पत्र पोहोचले. सुट्टीत आपण कर्नाटकातल्या शिग्गावजवळच्या गोटगोडीचे उत्सव रॉक गार्डन हे शिल्पांचे उद्यान पाहायला गेलात. तेथे एका कुटुंबाने एका मुलाला शिल्पातल्या बैलाच्या पाठीवर बसवले, दुसऱ्याला शिंगाला लोंबकळायला लावले आणि फोटो काढत बराच वेळ जागा अडवली. आपण हटकल्यावर ‘तुमच्या घरचे आहे का?’ असे उत्तर मिळाले, आणि आपले यजमान ‘कशाला नसती उठाठेव’ म्हणत आपल्यालाच पुढे घेऊन गेले. ती मंडळी मराठी बोलणारी होती, याची आपल्याला जास्त लाज वाटली. माझे चुकले का, असा आपला प्रश्न आहे.

हटकलेत यात काहीही चुकले नाही. कलावंत टी. बी. सोलबक्कनवर यांच्या कल्पनेतून साकारलेल्या त्या बागेत उत्तर कर्नाटकातले गावजीवन माणसाएवढ्या आकारात उघड्यावर उभे आहे, आणि ते इतके जिवंत वाटते की लोकांना ते हात लावण्यासाठीच ठेवले आहे असे वाटू लागते. सिमेंटच्या अशा शिल्पाच्या आत लोखंडी सळया असतात. शिंगासारख्या पुढे आलेल्या भागावर भार पडला की केसाएवढा तडा जातो, त्यातून पावसाचे पाणी आत मुरते, सळई गंजून फुगते आणि वरचे सिमेंट पापुद्र्यासारखे सुटून पडते. हे सारे होईपर्यंत एखाददुसरा पावसाळा उलटलेला असतो, त्यामुळे लोंबकळणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना आपण काही बिघडवले असे मनापासून वाटतच नाही.

मात्र ‘मुलांना काही वळण लावले आहे की नाही’ हे आपले वाक्य मला पटले नाही. त्या वाक्याने बैल बाजूला राहिला आणि त्यांचे घर चव्हाट्यावर आले. मग उलट उत्तर येणारच. त्याऐवजी थेट मुलालाच ‘बाळा, शिंग मोडेल रे, खाली उतर’ म्हणावे. आईबाप वाद घालतील, पण पोर बहुधा उतरते. समोरचे कन्नड असतील तर हसून ‘मुट्टब्याड्री’ (हात लावू नका) म्हटले तरी पुरते. तरीही कुणी ऐकले नाही, तर तेथल्या कर्मचाऱ्याला सांगून पुढे जावे. फोटोसाठी जागा अडवणे मात्र सोसावे. तिकीट त्यांनीही काढलेले असते.

लाजेबद्दल स्पष्टच विचारते: ती मंडळी कन्नड असती, तर आपल्याला बरे वाटले असते का? आपल्या सीमाभागात साध्या धक्क्याचाही भाषेचा तंटा व्हायला वेळ लागत नाही, म्हणून निदान शिंगाची गोष्ट शिंगापुरतीच ठेवू या.

आता यजमानांविषयी, कारण पत्राचा निम्मा भाग त्यांच्यावरच खर्ची पडला आहे आणि खरा सल तोच दिसतो. मुलांसमोर हातघाईवर प्रकरण जाईल, अशी धास्ती त्यांना वाटली असावी. सासूबाईंसमोर नव्हे, दोघेच असताना हा विषय काढा. बोलायचे काम माझे, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा, एवढेच त्यांच्याकडे मागा. माझ्या बाजूने भांडा म्हणालात तर ते तयार होणार नाहीत, हे आपल्याच पत्रावरून दिसते.