शंका-समाधान : मंगळाच्या वाटेवर आजारपण आले तर

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि. मी अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर सेकंड ऑफिसर होतो. न्हावा-शेवा सोडले की जहाजावर डॉक्टर नसतो. औषधे आणि आजाऱ्याची देखभाल सेकंड ऑफिसरकडे असते, अडले की रेडिओवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात आणि अगदीच बिकट वेळ आली तर जहाज जवळच्या बंदराकडे वळवतात. मंगळाच्या वाटेवर तर बंदरच नाही. तिथे अंतराळवीरांवर उपचार कोण करणार आणि कसे?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : आपण प्रश्नाच्या गाभ्यालाच हात घातला आहे, कारण आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरची आजची वैद्यकीय व्यवस्था पुष्कळ अंशी आपल्या जहाजासारखीच आहे. हे स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे डॉक्टर असेलच असे नाही. एक-दोघा अंतराळवीरांना प्राथमिक उपचारांच्या पलीकडचे थोडे प्रशिक्षण दिलेले असते आणि जमिनीवरचे डॉक्टर, ज्यांना फ्लाइट सर्जन म्हणतात, ते त्यांच्याकडून तपासणी व उपचार करवून घेतात. प्रकरण हाताबाहेर जाऊ लागले तर परतीचे यान स्थानकाला जोडलेलेच असते. १९८५ साली सॅल्यूत-७ स्थानकावर व्लादिमिर वास्युतिन आजारी पडले, तेव्हा मोहीम आवरती घेऊन त्यांना सहकाऱ्यांसह परत आणण्यात आले.

या व्यवस्थेची खरी कसोटी अलीकडच्या एका प्रकरणात लागली. सहा महिन्यांच्या मुक्कामापैकी सुमारे दोन महिने झाले असताना एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी आढळली. त्याला काहीच त्रास होत नव्हता. संशोधनासाठी चाललेल्या सोनोग्राफीत ती दिसली. वजनरहित अवस्थेत शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतात आणि मानेच्या शिरांतील रक्तप्रवाह मंदावतो. ११ अंतराळवीरांच्या ज्या अभ्यासात हे उघड झाले, त्यांतील सहा जणांच्या मानेच्या शिरेत रक्त साकळल्यासारखे थांबलेले किंवा उलट दिशेने वाहणारे दिसले. गुठळी होऊ नये म्हणून देतात ते एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन स्थानकावर होते, पण मोजकेच. पुढचे मालवाहू यान गोळ्या घेऊन पोहोचेपर्यंत साठा पुरावा म्हणून डॉक्टरांनी मात्रा कमी केली, गोळ्या आल्यावर त्यांवर उपचार चालू ठेवले आणि परतण्याच्या चार दिवस आधी त्या थांबवल्या. सोनोग्राफी मात्र अंतराळवीरच जमिनीवरच्या तज्ज्ञांच्या सांगण्यावरून करत राहिला. हा वृत्तांत २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हाच रुग्ण मंगळाच्या वाटेवर असता, तर यातले जवळजवळ काहीच जमले नसते. मंगळाच्या अंतरानुसार संदेश पोहोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. म्हणजे जीव गुदमरलेल्या माणसाविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो माणूस वाचल्यावर किंवा गेल्यावरच येणार. मालवाहू यान येणार नाही. एकदा मार्गी लागलेले यान मनात आले म्हणून मागे वळवता येत नाही आणि संपूर्ण मोहीम अडीच ते तीन वर्षांची असते. औषधांचीही मुदत संपते. स्थानकावर असतात तशा औषधांच्या यादीचा २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्याहून अधिक औषधे तीन वर्षांची मोहीम संपण्याआधीच मुदतबाह्य होतील असे त्यात दिसले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, मंगळाच्या यानात अनुभवी डॉक्टर असलाच पाहिजे. समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय नियम आपल्याला ठाऊक असेल : जहाजावर १०० किंवा अधिक माणसे असतील आणि प्रवास तीन दिवसांहून मोठा असेल, तर डॉक्टर बंधनकारक. तिथे माणसे मोजणे ठीक आहे, कारण बंदर कधी ना कधी येते. अंतराळात मात्र परतायला किती काळ लागेल हेच मोजले पाहिजे, मग माणसे चारच का असेनात. असे डॉक्टर पूर्वी गेलेही आहेत. १९८४ साली राकेश शर्मा सॅल्यूत-७ वर पोहोचले, तेव्हा तिथे ओलेग अत्कोव्ह हे हृदयरोगतज्ज्ञ होतेच, आणि १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिलेले वालेरी पोल्याकोव्ह हेही डॉक्टरच होते.

पण एक डॉक्टर पुरेसा नाही. १९६१ साली अंटार्क्टिकातील रशियन तळावर लिओनिद रोगोझोव्ह या एकमेव डॉक्टरला अपेंडिक्सचा विकार झाला आणि त्याला स्वतःच्या पोटावर स्वतःच शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचला, म्हणून ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मोहिमेचे नियोजन मात्र अशा धैर्यावर विसंबून करता येत नाही. दुसऱ्या कोणाला तरी डॉक्टरवरही उपचार करता येतील इतके शिकवलेच पाहिजे.

एवढे करूनही काही आजारांवरचे उपचार यानात मावणारच नाहीत. कोणते उपचार मिळणार नाहीत, हे निघण्यापूर्वी अंतराळवीरांना आणि त्यांच्या घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. या विषयातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

प्रश्न : अंतराळात शस्त्रक्रिया करता येईल का? पृथ्वीवरून यंत्रमानवाच्या साहाय्याने ती करता येणार नाही का?
– बारावीची विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : लहान शस्त्रक्रिया शक्य आहे. २००६ साली फ्रेंच डॉक्टरांनी वर-खाली झेपा घेणाऱ्या विमानात एका माणसाच्या हातावरची गाठ काढली. अशा विमानात एका वेळी जेमतेम २० सेकंद वजनरहित अवस्था मिळते, त्यामुळे काम तुकड्यातुकड्यांनी करावे लागले. मोठ्या शस्त्रक्रियेत अडचणी वाढतात. रक्त खाली ओघळत नाही, जखमेवर फुगवट्यासारखे साचून राहते. सुटलेला थेंब केबिनमध्ये तरंगतो. रुग्ण, डॉक्टर आणि प्रत्येक हत्यार बांधून ठेवावे लागते. त्यातच बंद यानात भुलीचा वायू वापरणे सहप्रवाशांना धोक्याचे असते.

यंत्रमानवाचा प्रयोग २०२४ च्या फेब्रुवारीत झाला. अमेरिकेतील नेब्रास्का येथे बसलेल्या शल्यचिकित्सकांनी अंतराळस्थानकावरील छोट्या यंत्राकडून रबराच्या पट्ट्या कापून घेतल्या. तेव्हा आज्ञा पोहोचायला सेकंदाहून कमी वेळ लागत होता, तरीही तेवढ्या विलंबाशी जुळवून घेत काम करावे लागले. मंगळासाठी हा मार्ग बंदच आहे. अपेंडिक्ससारख्या दुखण्यावर तिथे आधी प्रतिजैविके देऊन पाहिली जातील. पृथ्वीवरही काही रुग्णांना ती पुरतात.

या क्षेत्रात येण्याचा तुमचा विचार असेल तर आधी एम.बी.बी.एस. करावे. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये पुढचे शिक्षण मिळते आणि गगनयानाच्या अंतराळवीरांच्या वैद्यकीय तपासण्याही याच संस्थेत झाल्या आहेत.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. वजनच नसेल तर सलाईन कसे लावतात? आणि हृदय बंद पडल्यास छाती कशी दाबतात?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : बाटली उंच टांगून उपयोग नाही, सलाईन पंपाने किंवा पिशवीवर दाब देऊन आत सोडावे लागते. हवेचे बुडबुडेही वर येत नाहीत, ते पाण्यातच मिसळून राहतात, म्हणून आधी वेगळे करावे लागतात. सलाईनचे वजन फार असल्याने यानातल्या पिण्याच्या पाण्यापासूनच ते तयार करण्याचा प्रयोग २०१० साली अंतराळस्थानकावर झाला.

छाती दाबताना आपण अंगाचे वजन वापरतो, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. तिथे ते मिळत नाही आणि दाबणाराच मागे ढकलला जातो. म्हणून रुग्णाला पट्ट्यांनी फळीला बांधतात आणि दाबणाराही स्वतःला पट्ट्याने अडकवून घेतो; किंवा तो उलटा होऊन समोरच्या भिंतीला पाय टेकवतो, हात रुग्णाच्या छातीवर ठेवतो आणि पायांच्या जोराने दाब देतो.