नागपुरातल्या दुमजली घरात वायरलेस स्मोक अलार्म कोणते आणि कुठे लावू?
नागपुरात दुमजली घर आहे म्हणता तर इंटरकनेक्टेडच घ्या, खाली धूर झाला की वरच्या बेडरूममधलाही वाजतो, नाहीतर रात्री कूलरच्या घरघरीत खालचा ऐकूच येत नाही. सगळे एकाच कंपनीचे, आपसात जुळणारे मॉडेल घ्या. बेडरूम, हॉल, जिन्यात फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारे), पण किचनमध्ये हीट अलार्म (धुरावर नाही, उष्णतेवर वाजणारा), आमच्याकडे आधी स्मोकवाला होता, सावजीच्या फोडणीला अख्खं घर बोंबललं 😅. छतावर भिंतीपासून फूटभर लांब लावा, पंखा-कूलरच्या झोतात नको. पेअरिंग (अलार्म एकमेकांशी वायरलेस जोडणं) खाली टेबलवरच करून घ्या मग शिडीवर चढा. टेस्ट बटन महिन्यातून एकदा, 10 वर्षांनी अख्खं युनिटच बदलायचं. अन् मे मध्ये पारा 45 च्या वर जातो, गच्चीखालचं छत भट्टीसारखं तापते, म्हणून डब्यावरची तापमानाची मर्यादा बघूनच घ्या, बऱ्याचवर 40 च लिहिलेलं असते.