पहिल्याच पावसात रंगाचे पोपडे, आणि वर ठेकेदाराची धमकी

प्रश्न : एरंडवण्यात आमचा १९३८ सालचा बंगला आहे, चुन्याच्या गिलाव्याचा. मार्चमध्ये एका ठेकेदाराकडून मटेरियलसह २,४०,००० रुपयांत रंगवून घेतला. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं. पावसाळ्यात पोपडे सुटले म्हणून मी ६०,००० रुपये थांबवले. तो म्हणतो, 'भिंतीच जुन्या, माझा काय दोष?' शिवाय पोलिसात फसवणुकीची तक्रार करीन म्हणतो. काय करू?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. रागाच्या भरात दुसरा रंगारी लावून भिंती खरवडून घेऊ नका. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा त्या भिंतींवरच आहे. सुटलेला पोपडा उलटा करून बघा. पुट्टीच्या मागे जुन्या सफेदीची भुकटी चिकटून आली असेल, तर भिंत नीट न घासताच पुट्टी ओढली गेली असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडावी लागते. वर सिमेंटची पुट्टी आणि ॲक्रिलिक रंग चढवला की ती अडते आणि रंग फुगतो. असे पोपडे पाकिटात जपून ठेवा आणि जुन्या बांधकामांचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याकडून पाहणीचा लेखी अहवाल घ्या. नुसत्या फोटोंवर अशा तक्रारी अनेकदा अडखळतात.

'भिंती जुन्या' हा बचाव मला लंगडा वाटतो. काम घेण्याआधी त्याने भिंती पाहिल्या होत्या, माल त्यानेच निवडला. धोका असेल तर तो आधी सांगणं त्याचं काम होतं. मात्र 'आधी गच्चीची गळती काढा' असं त्याने कळवलं असेल आणि तुम्ही 'राहू दे, रंगवून टाका' म्हणाला असाल, तर तुमची बाजू कमकुवत होते. जुने मेसेज प्रामाणिकपणे तपासा, आणि एकही पुसू नका.

लेखी करार नसला तरी बिघडत नाही, तोंडी करारही कायद्याने करारच असतो. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा आणि पंधरा दिवसांत काम दुरुस्त करून मागा. दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती काम संपल्या दिवसापासूनच धरून चाला. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडायला विसरू नका.

पोलिसांच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू लागतो. तुम्ही १,८०,००० रुपये दिलेत आणि उरलेले कामाच्या दर्जावरून अडवलेत, हा दिवाणी वाद आहे. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, तर पैसे भरल्याचे आणि नोटिशीचे कागद घेऊन जा. तिथे तडजोडीच्या दडपणाखाली कशावरही सही करू नका.

फुकट दुरुस्ती करून द्यायला तो तयार झाला, तर जरूर मान्य करा, पण लेखी : भिंत कुठवर खरवडणार, कोणता माल वापरणार, कधी संपवणार. आणि भिंती पुरत्या वाळेपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरच, काम सुरू करू द्या.