वाचकांचे प्रश्न: आंरी द ल्युबाक यांच्यावर बंदी का आली होती?

प्रश्न (वसई): आमच्या वाचनगटात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेवर (1960 च्या दशकातली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) बोलताना आंरी द ल्युबाक हे नाव सारखं येतं. कुणी म्हणतं त्यांच्यावर बंदी होती, कुणी म्हणतं ते कार्डिनल होते. खरं काय?

दोन्ही खरं आहे. द ल्युबाक हे फ्रेंच कॅथलिक धर्मपंडित. जन्म 1896 चा, उत्तर फ्रान्समधल्या कांब्रेचा. 1913 मध्ये येशूसंघात (जेझुइट धर्मगुरूंच्या संघात) गेले आणि वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं, फ्रान्समध्ये धर्मगुरू होऊ घातलेल्या मुलांनाही सैन्यभरती चुकत नव्हती, 1917 मध्ये ले एपार्जच्या आघाडीवर त्यांच्या डोक्याला जखम झाली आणि मग कानदुखी नि चक्कर जन्मभर मागे लागली. पुढचं सगळं लिखाण हे दुखणं सोसत केलेलं आहे. 1929 पासून ते लिऑंच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवत होते.

जून 1950 मध्ये येशूसंघाच्या वरिष्ठांकडून ऑर्डर आली: शिकवणं बंद, लिऑं सोडा, आणि त्यांची तीन पुस्तकं संघाच्या लायब्ऱ्यांमधून काढून घ्या. ऑगस्टमध्ये पोप पायस बाराव्यांचं 'हुमानी जेनेरिस' हे परिपत्रक आलं, त्यात नाव कुणाचंच नव्हतं पण एक वाक्य त्यांच्यावरच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं. मला यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे या सगळ्या वर्षांत रोममधल्या किंवा संघातल्या कुणीही त्यांना समोर बसवून, बाबा रे, तुझं नेमकं काय चुकलं, यावर एकदाही चर्चा केली नाही. हे त्यांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय. आणि दहा वर्षांनी, 1960 मध्ये, पोप जॉन तेविसाव्यांनी त्याच माणसाला परिषदेच्या तयारीच्या धर्मशास्त्रीय आयोगावर सल्लागार म्हणून घेतलं! 1983 मध्ये जॉन पॉल दुसऱ्यांनी कार्डिनल केलं, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान, तेव्हा वय 86, कार्डिनलने बिशप व्हायचं असतं, त्यातून त्यांनी सूट मागून घेतली. 1991 मध्ये पॅरिसला वारले.

प्रश्न (पुणे): एका पुस्तकात एवढं काय असतं की लायब्ररीतून काढावं लागतं?

वादाचं मूळ 1946 च्या 'स्यूर्नात्युरेल' (म्हणजे निसर्गापलीकडचं) या पुस्तकात आहे. तेव्हा सेमिनऱ्यांमध्ये, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळांमध्ये, शिकवलं जायचं ते साधारण दोन मजली घरासारखं होतं, खालच्या मजल्यावर माणसाचा निसर्ग, तो आपल्यापुरता पूर्ण, त्याचं स्वतःचं सुख नि स्वतःचं ध्येय, आणि वरच्या मजल्यावर देवाची कृपा, जी मिळाली तर उत्तमच पण नाही मिळाली तरी खालचा मजला उभा राहतोच. द ल्युबाक म्हणाले की हे चर्चच्या जुन्या आचार्यांचं म्हणणंच नाही. संत अगुस्तीन लिहितात की तू आम्हाला तुझ्यासाठी घडवलंस आणि तुझ्यात विसावेपर्यंत आमचं हृदय अस्वस्थ आहे. संत थॉमस अक्वायनससुद्धा माणसाच्या स्वभावातच देवदर्शनाची ओढ आहे असं मानतात, 'शुद्ध निसर्गा'ची कल्पना नंतरच्या भाष्यकारांनी, विशेषतः 16 व्या शतकातल्या कायेतानने, त्यांच्या माथी मारली, हे द ल्युबाकनी ढीगभर जुनी पानं उलगडून दाखवलं.

विरोधकांचा मुद्दाही फालतू नव्हता हं. ओढ जर जन्मजात असेल तर देवाला ती पुरवावीच लागणार, मग कृपा ही फुकटची देणगी कुठे राहिली? द ल्युबाकांचं उत्तर असं की ओढ देवानेच घातली, म्हणून ती त्याच्यावर हक्क सांगत नाही. मला हे पटतं, पण हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि याचा परिणाम नुसता वर्गापुरता नाही. निसर्ग आपल्यापुरता पूर्ण असेल तर समाज, राजकारण, कामधंदा सगळं देवाशिवाय नीट चालतं आणि धर्म म्हणजे रविवारपुरती वरची सजावट. श्रद्धा माणसांच्या जगण्यातून बाहेर पडली याला नास्तिकांइतकेच आपले धर्मपंडितही जबाबदार आहेत, हे त्यांचं निदान होतं, आणि तेच बहुतेक जास्त झोंबलं.

प्रश्न (नागपूर): त्यांनी बौद्ध धम्मावर लिहिलंय असं ऐकलं. खरंय का, आणि वाचण्यासारखं आहे का?

खरंय, तीन पुस्तकं, 1951, 1952 आणि 1955. तारखा बघा, सगळी बंदीच्या काळातली. कॅथलिक सिद्धांतावर लिहिणं अवघड झालं तेव्हा हा विषय मोकळा होता, आणि धर्मांचा इतिहास ते बंदीआधी लिऑंमध्ये शिकवतच होते. शिवाय त्यांचे जवळचे मित्र फादर ज्यूल मोंशानँ 1939 मध्ये भारतात आले होते, 1950 मध्ये त्यांनी तमिळनाडूत कुळित्तलैजवळ कावेरीकाठी शांतिवनम आश्रम काढला. द ल्युबाकनी 1967 मध्ये त्यांच्यावरही पुस्तक लिहिलं.

वाचण्यासारखं आहे, पण डोळे उघडे ठेवून. बुद्धाइतकी मोठी आध्यात्मिक घटना ख्रिस्ताखेरीज इतिहासात नाही असं मानणारा हा माणूस, तरी करुणेवर येऊन अडतो. त्यांचा आक्षेप असा की 'मी' आणि 'तू' हे शेवटी टिकणारे नसतील तर करुणा दुःखावर होते, त्या माणसावर प्रेम होत नाही. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. सगळा अभ्यास युरोपातल्या पंडितांच्या पुस्तकांतून झालेला, जगणारा बौद्ध समाज त्यात फारसा दिसत नाही. पुस्तकं 1956 च्या आधीची आहेत त्यामुळे नागपूरची दीक्षा त्यात असणं शक्यच नव्हतं, पण बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे जाऊन मैत्रीवर जो भर दिला तो ज्यांनी वाचलाय त्यांना हा आक्षेप अपुरा वाटणारच. तुम्ही वाचा आणि त्यांच्याशी भांडा.

प्रश्न (संगमनेर): अन्याय झाला तर बोलायला नको? निमूट सोसणं हा भित्रेपणा नाही का?

भित्रा माणूस 1941 मध्ये जे केलं ते करत नाही. अर्ध्याअधिक फ्रान्सवर जर्मनांचा ताबा, त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारचे ज्यूविरोधी कायदे, आणि एप्रिलमध्ये द ल्युबाक आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून सांगतात की हा ज्यूद्वेष ख्रिस्ती श्रद्धेच्याच मुळावर आलाय. त्याच वर्षी लिऑंमधून 'तेम्वान्याज क्रेतियां' ही भूमिगत पत्रकं निघायला लागली, त्यात ते सामील होते, गेस्टापोमुळे (नाझी गुप्त पोलिसांमुळे) लपावं लागलं. त्यांचे येशूसंघी मित्र इव्ह द मोंश्योय यांना जर्मनांनी ऑगस्ट 1944 मध्ये ग्रनोब्लला गोळ्या घातल्या.

म्हणून 1950 नंतरची शांतता मला वेगळी दिसते. त्यांनी मतं मागे घेतली नाहीत आणि चर्चही सोडलं नाही, उलट 1953 मध्ये, जखम ताजी असताना, चर्चवर प्रेमाने एक अख्खं पुस्तक लिहिलं. पण म्हणून ज्यांनी ऑर्डर काढली ते बरोबर ठरत नाहीत. त्यांच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक करताना आपण तो अन्याय झाकून टाकतो, हे मला मान्य नाही.

प्रश्न (ठाणे): सुरुवात कुठून करू? फ्रेंच येत नाही.

इंग्रजीत बरंच मिळतं. 1938 चं 'कॅथॉलिसिझम' आधी घ्या, तारण एकट्यादुकट्याचं नसतं, सगळ्या मानवजातीचं असतं, हा त्याचा गाभा, आणि मागे जुन्या आचार्यांचे उतारे दिलेत तेही वाचा. मग 1944 चं नास्तिक मानवतावादावरचं, त्यात फॉयरबाख, मार्क्स, नीत्शे, कोंत आणि शेवटी दोस्तोएव्स्की आहेत. 'स्यूर्नात्युरेल' ला इतक्यात हात लावू नका, त्याच विषयावरचं 1965 चं पुस्तक त्यापेक्षा सोपं जाईल.