पाहण्याआधी आठवण लिहून ठेव

प्रिय तरुण मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लहानपणी ज्या मालिकेसाठी तू खेळ अर्धवट टाकून पडद्यासमोर येऊन बसायचास, ती ‘बॅटमॅन: दि अ‍ॅनिमेटेड सिरीज’ आता पुन्हा पाहावी असे तुझ्या मनात आहे, पण ती साधारण निघाली तर इतकी वर्षे जपलेले तेही हातचे जाईल, अशी धास्ती तुला वाटते. ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. मी ती मालिका पस्तिशी उलटल्यावर पुन्हा पाहिली आणि त्याआधी दोन वर्षे काही ना काही सबब काढून टाळत राहिलो. त्या पाहण्यातून माझ्या हाती जे लागले, ते तुला सविस्तर लिहितो.

कोणताही भाग लावण्यापूर्वी त्याची तुला असलेली आठवण कागदावर उतरवून काढ. कथा नीट आठवत नसेल तरी चालेल. एखादा रंग, एखाद्याचा चेहरा, शेवटी काय झाले याची पुसट कल्पना, तो भाग पाहून वाटलेली भीती किंवा आनंद, जे असेल ते लिही. भाग एकदा पाहिलास की ती जुनी आठवण पुन्हा वेगळी काढता येत नाही. नवे चित्र जुन्यावर जाऊन बसते आणि आपण लहानपणीही हेच पाहिले होते असे वाटू लागते. मला ही युक्ती उशिरा सुचली, त्यामुळे पहिल्या दहाबारा भागांबाबतची माझी लहानपणची नजर मी कायमची गमावली. तू ती चूक करू नकोस.

ज्या भागाने मला हे शिकवले तो ‘हार्ट ऑफ आइस’. पॉल डिनी यांनी लिहिलेला आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेला हा भाग सप्टेंबर १९९२ मध्ये, मालिका सुरू झाली त्याच आठवड्यात प्रसारित झाला. त्यातला मिस्टर फ्रीझ हा कॉमिक्समध्ये १९५९ साली मिस्टर झिरो या नावाने आलेला, बर्फाची बंदूक घेऊन हिंडणारा एक दुय्यम खलनायक होता. डिनी यांनी त्याला नोरा नावाची आजारी पत्नी दिली. तिच्यावर उपचार सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवू पाहणारा हा शास्त्रज्ञ, त्याचा प्रयोग खर्चिक म्हणून बंद पाडणारा कंपनीप्रमुख फेरिस बॉइल, आणि त्या झटापटीत झालेला असा अपघात की त्यानंतर हा माणूस शून्याखालच्या थंडीतच जगू शकतो. एवढी सगळी कथा जेमतेम बावीस मिनिटांत बसवलेली आहे.

पाहण्याआधी मी कागदावर लिहिले होते: “शेवटी नोरा जागी होते.” मला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. प्रत्यक्षात त्या भागात नोरा जागी होत नाही. भागाच्या सुरुवातीला काचेच्या गोलात हिमकण भुरभुरत असतात आणि मधोमध एक चिमुकली नर्तकी संथपणे फिरत असते. शेवटी तोच गोल हाती धरून फ्रीझ आपल्या कोठडीत एकटा बसलेला असतो आणि ऐकायला नसलेल्या पत्नीची क्षमा मागत असतो. भाग तिथेच संपतो. लहानपणी तो शेवट मला सोसला नसावा, म्हणून मी माझ्यापुरता दुसरा शेवट तयार करून घेतला आणि पुढची पंचवीस वर्षे आणि त्याहून थोडा अधिक काळ तोच खरा मानून चाललो. कागद आणि पडदा यांतली ती तफावत पाहून मी बराच वेळ स्तब्ध बसून होतो. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने एका अनोळखी बाईला मनोमन वाचवले होते आणि त्याबद्दल कोणाला काही सांगितले नव्हते. त्या मुलाची ओळख मला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने झाली नसती.

म्हणून ही मालिका पूर्वीइतकी चांगली आहे की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. त्या प्रश्नाने माणूस परीक्षक होतो, आणि परीक्षकाला स्वतःच्या आठवणीतली भर दिसत नाही.

गंमत अशी की मालिकेतच या गोष्टीवर एक पूर्ण भाग आहे. ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’ मध्ये शहरात बॉम्बस्फोट होऊ लागतात, आणि ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनच्या, ध्यानात येते की हा सारा प्रकार त्याने लहानपणी वडिलांच्या सोबतीने पाहिलेल्या एका जुन्या मालिकेतल्या भागासारखा आहे. पण तो भाग त्याला पुरता आठवत नाही. गुन्ह्याचा उलगडा करायचा तर तो भाग पुन्हा पाहायलाच हवा, आणि त्यासाठी ग्रे घोस्टची भूमिका करणाऱ्या सायमन ट्रेंट या नटाला गाठायला हवे. हा ट्रेंट एव्हाना वृद्ध, बेकार आणि कडवट झाला आहे. त्या एका भूमिकेचा शिक्का बसल्यामुळे त्याला दुसरे काम मिळत नाही आणि भाडे भरण्यासाठी तो आपल्या जुन्या वस्तू विकतो आहे. ट्रेंटला आवाज दिला तो अ‍ॅडम वेस्ट यांनी, म्हणजे १९६६ ते १९६८ या काळातल्या दूरदर्शन मालिकेत बॅटमॅन साकारणाऱ्या आणि पुढे त्याच भूमिकेच्या सावलीत काम शोधत राहिलेल्या नटाने. लहानपणी मला यातले काही माहीत नव्हते. मला फक्त बॉम्ब घेऊन धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या आठवत होत्या. मोठेपणी पाहताना बॅटमॅन त्या थकलेल्या माणसासमोर उभा राहतो तेव्हा माझा कंठ दाटून आला. मुखवटा घातलेला हा गंभीर माणूस कोणे एके काळी वडिलांशेजारी बसून कार्टून पाहावे तशी एक मालिका पाहत होता, आणि ती बालिश होती असे त्याला आजही वाटत नाही.

पुन्हा पाहताना आणखी एक दार उघडते, ते घडणीचे. मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या एरिक रॅडोम्स्की यांनी पार्श्वभूमीची चित्रे पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवण्याचा आग्रह धरला होता. त्यामुळे या शहरात अंधार आधीपासूनच असतो आणि चित्रकार त्यात फक्त खिडकीतला उजेड, पुलाची कड, ढगाचे तांबडे पोट एवढेच भरतो. शीर्षकाचे साधारण मिनिटभराचे दृश्य मुद्दाम थांबवत थांबवत पाहा. त्यात एकही शब्द उच्चारलेला नाही, मालिकेचे नावसुद्धा पडद्यावर येत नाही. स्फोट, छपरांवरून पळणारे दोन चोर, एक सावली, आणि शेवटी विजेच्या लखलखाटात क्षणभर दिसणारा तो. आपण कोणाला पाहतो आहोत हे सांगण्याची गरज करणाऱ्यांना वाटली नाही. संगीताकडेही कान दे. शर्ली वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भागाभागासाठी स्वतंत्र संगीत रचले आणि ते खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. फ्रीझच्या दृश्यांतले सूर ऐकलेस की तुला कळेल की लहानपणी रडू नेमके कोठून येत होते.

आवाजांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. केव्हिन कॉनरॉय यांनी ब्रूस आणि बॅटमॅन यांना दोन निराळे आवाज दिले. मुखवट्याआडचा आवाज खोल आणि सावकाश आहे, आणि नीट ऐकल्यास तोच खरा वाटतो. पार्ट्यांमध्ये हसणारा ब्रूस हेच सोंग वाटते. १० नोव्हेंबर २०२२ रोजी कॉनरॉय गेले. त्याच वर्षी त्यांनी एका छोट्या कॉमिक-कथेत स्वतःविषयी लिहिले होते: समलिंगी असल्याचे व्यवसायात लपवत काढलेली वर्षे, घरातली दुःखे, आणि या भूमिकेच्या चाचणीच्या वेळी त्या सगळ्यातून आपसूक वर आलेला तो आवाज. हे वाचल्यानंतर मी जुने भाग पुन्हा ऐकले. लहानपणी त्या आवाजाने मला सुरक्षित का वाटायचे, याचा थोडा उलगडा तेव्हा झाला.

काही गोष्टी तुला खटकतील, त्यांची तयारी ठेव. एकूण पंच्याऐंशी भागांत फिके भाग बरेच आहेत. ‘आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ माझ्याच्याने आज पूर्ण बघवत नाही. चित्रांची सफाईही भागाभागाला बदलते, कारण अ‍ॅनिमेशनचे काम वेगवेगळ्या स्टुडिओंकडे जात असे. हे मी चटकन सांगून मोकळा होतो, कारण यात दुखावण्यासारखे काही नाही. हार्ली क्विनचे मात्र तसे नाही. ‘जोकर्स फेव्हर’ या भागासाठी निर्माण केलेली, आर्लीन सॉर्किन यांच्या आवाजातली ही मुलगी लहानपणी मला केवळ विनोदी वाटायची. बॅटमॅनचा शत्रू जोकर, ज्याची ती साथीदार आहे, तिच्यावर खेकसतो, तिला हाकलून देतो आणि ती पुन्हा त्याच्याकडे जाते, यावर मी मनापासून हसलो आहे. आता त्याच प्रसंगांत मला मार खाऊनही दाराशी परत येणारी एक स्त्री दिसते. ‘हार्ली अँड आयव्ही’ मध्ये पॉयझन आयव्ही ही दुसरी खलनायिका तिला आपल्या पायांवर उभी राहायला शिकवू पाहते, तेव्हा लेखकांनाही हे दिसत होते हे स्पष्ट होते. लहानपणी हसलास याचा अपराध मनात धरू नकोस, पण आज हसू आले नाही तर ते बळेच आणूही नकोस.

मुलांच्या वेळेत प्रसारण असल्यामुळे काय दाखवायचे यावर कडक बंधने होती, आणि त्या बंधनांमुळे काही दृश्ये अधिक प्रभावी झाली आहेत. १९९३ साली प्राइमटाइम एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कार मिळवणाऱ्या ‘रॉबिन्स रेकनिंग’ मध्ये डिकच्या, म्हणजे पुढे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होणाऱ्या मुलाच्या, आईवडिलांचा मृत्यू आपल्याला दिसत नाही. सर्कशीतल्या झोक्यावरची ती दोघे चौकटीबाहेर जातात आणि परत येतो तो फक्त तुटलेला दोर. मी कागदावर त्यांचे पडणे लिहिले होते, अगदी रंगासह. ते मी कधी पाहिलेच नव्हते.

पाहण्याच्या पद्धतीविषयी थोडे. चित्राची मूळ चौकट चारास तीन या मापाची, चौकोनाच्या जवळ जाणारी आहे. रुंद पडदा भरावा म्हणून ती ताणू नकोस, नाहीतर टोकदार मनोरे आणि लांबट सावल्या बुटक्या होतात. एका दिवशी एकच भाग पाहा. हातात फोन नको. आणि निदान पहिल्या खेपेला एकट्याने पाहा. मी एका जिवलग मित्राला आग्रहाने शेजारी बसवले होते आणि पूर्ण वेळ पडद्याकडे पाहण्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तो जांभई देई तेव्हा मला अपमान झाल्यासारखे वाटे. त्याने काहीच चूक केली नव्हती. जे माझ्या लहानपणात घडले होते ते त्याला बावीस मिनिटांत दिसावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती.

सुरुवात कोठून करायची ते तू ठरव. माझ्याकडे एका भागाचा कागद लिहून तसाच पडला आहे, ‘परचान्स टू ड्रीम’ चा. ब्रूस एका सकाळी जागा होतो तर त्याच्या लहानपणीच मारले गेलेले आईवडील जिवंत आहेत, बॅटमॅन दुसराच कोणी आहे, आणि मग त्याच्या लक्षात येते की हातातल्या वर्तमानपत्रातली अक्षरे त्याला वाचता येत नाहीत. एवढे मला ठाम आठवते. आईवडिलांचा निरोप तो कसा घेतो याबद्दल मी चार ओळी लिहिल्या आहेत, आणि त्या माझ्या आहेत की मालिकेतल्या हे मला सांगता येत नाही. येत्या रविवारी मी तो भाग पाहणार आहे. तुझा पहिला कागद तोवर लिहून झाला तर मला पाठव.

तुझा,
एक वडीलधारा मित्र