पानाची जाडी पाऊस ठरवतो की खालचा खडक?

आपण विचारले आहे की, एकाच पावसावर वाढणाऱ्या पण आठ महिने कोरड्या राहणाऱ्या रानात काही झाडांची पाने जाड व चिवट, तर काहींची मोठी आणि दरवर्षी गळणारी का असतात. पाऊस हे त्याचे पुरेसे उत्तर नाही. हे मी ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात जुना वाद आहे.

कोकणातील राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभा या तांबड्या खडकाच्या सपाट माथ्यावर, आमची सामाईक जमीन आहे. तेथील अंजनी आणि करवंदीची जाळी माझ्या चुलत्यांनी ‘बिनकामाची’ ठरवून तोडली आणि साग लावला. सागाला जांभा मानवत नाही, ही लागवड करणाऱ्यांना जुनी ठाऊक असलेली गोष्ट मी सांगितली, तेव्हा “पाणी दिले की काहीही येते,” असे म्हणून त्यांनी ठिबक बसवले. रोपे जगली, पण खुरटी राहिली आणि पाने तळहाताएवढ्यावर थांबली. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, जेथे वरून वाहून आलेली खोल माती साठली आहे, तेथे शेजाऱ्यांचा साग थेंबभर पाणी न घालता हातभर पानांनी भरलेला आहे.

कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. या पाण्याने युगानुयुगे मूळ बेसाल्टमधील चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन नेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली; तोच हा जांभा. ही ऑक्साइडेच स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतात, ते झाडाला मिळू देत नाहीत. अशा जागी प्रत्येक पान झाडाला महाग पडते, म्हणून अंजनीसारखे झाड जाड, चामड्यासारखे पान घडवते आणि ते वर्षाहून अधिक काळ वापरते. खोल, सकस मातीवरील झाडाला दरवर्षी पान टाकणे परवडते. सड्यावर नत्राचीही (नायट्रोजनचीही) टंचाई असते. पावसाळ्यात तेथे उगवणाऱ्या दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती कीटक खातात, त्या हौसेने नव्हे. खात्री हवी असल्यास दोन्हीकडची पाने आलेख कागदावर मोजून, वाळवून तोलावीत आणि चौरस सेंटिमीटरमागे वजन काढावे.

अर्थात समुद्राकडील खारा वारा पाने जाड करतो, आणि वणवा व चराई यांनीही रानातील झाडांच्या जाती बदलतात. शिवाय पावसाचा हिशेब केला तर कोकणातील रान खऱ्या अर्थाने शुष्क पानझडी नव्हे. तसे रान घाटापलीकडे आहे, आणि तेथे त्याच बेसाल्टची काळी माती झालेली असल्याने अडचण वेगळी आहे: चुन्याची ददात नाही, पण चिकणमाती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते.

तेव्हा सड्यावर काही लावण्याआधी पहार मारून पाहावी. हातभर खोलीवर ती खणकली, तर साग विसरावा आणि तोडलेल्या अंजनीच्या खुंटांना आलेले फुटवे राखावेत. चुलते आता म्हणतात की सुपर फॉस्फेट कमी पडले. त्यातला बराचसा स्फुरदही ही जांभी माती तसाच अडकवून ठेवते, हे त्यांना माझ्याखेरीज कोणीतरी सांगावे.